पाणी, आभाळ आणि मधली रेघ

वाचकांनी पाठवलेली छायाचित्रे व त्यांविषयीचे प्रश्न

प्रश्न : आम्ही सात-आठ हौशी मंडळी महिन्यातून एकदा जमून आपापली छायाचित्रे एकमेकांना दाखवतो. गेल्या वेळी मी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावरच्या सूर्यास्ताचे छायाचित्र नेले होते. वर निम्मे आभाळ, खाली निम्मे पाणी आणि मधोमध लहानसा शालिनी पॅलेस. बहुतेकांनी ‘छान’ म्हटले. एका ज्येष्ठ सभासदाने मात्र ‘क्षितिज मध्यावर आहे आणि रंग खोटे आहेत’ एवढेच सांगितले. सोबत छायाचित्र जोडले आहे. आपले मत काय? — एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : आपले ज्येष्ठ सभासद दोन्ही बाबतींत बरोबर आहेत, त्यांनी कारणे सांगितली नाहीत, ही त्यांची कंजुषी. क्षितिज मध्यावर असणे हा काही गुन्हा नव्हे. पहाटे वारा पडलेला असताना, पाणी आरशासारखे स्थिर होऊन काठावरची झाडे जशीच्या तशी उलटी उमटलेली असताना, चित्राचे दोन सारखे भाग शोभतात, कारण तेव्हा त्या सारखेपणाचेच ते चित्र असते. आपल्या छायाचित्रात मात्र पाण्यावर वाऱ्याची शिरशिरी आहे आणि प्रतिबिंब पुसले गेले आहे, त्यामुळे खालच्या निम्म्या भागात पाहण्याजोगे काहीच उरलेले नाही. वर मात्र ढगांचे तीन थर एकमेकांवर चढले आहेत. हे आभाळाचे चित्र आहे, पाण्याचे नव्हे. छायाचित्राची प्रत काढून तिच्या खालच्या भागावर काळ्या कागदाची पट्टी ठेवा आणि ती हळूहळू वर सरकवा. पाण्याची जेमतेम बोटभर रुंद पट्टी उरेल तेव्हा शालिनी पॅलेसही आपोआप जागेवर बसल्यासारखा वाटेल.

रंगांचे थोडे सविस्तर सांगतो, कारण आमच्याकडे येणाऱ्या दर दहांतल्या सात-आठ चित्रांत हाच दोष असतो. दूरवरच्या पाण्यावरून आपली नजर अगदी तिरपी जाते आणि तेथे क्षितिजालगतचे उजळ आभाळ उमटते. पायाजवळचे पाणी मात्र आपण वरून पाहतो, तेथे डोक्यावरच्या उंच आभाळाचे प्रतिबिंब असते आणि संध्याकाळी ते आभाळ निळसर-करडे झालेले असते. शिवाय सरळ वरून पाहिले तर पाणी आपल्यावर पडलेल्या उजेडाचा जेमतेम पन्नासावा भाग परत करते. म्हणून जवळचे पाणी काळपट आणि थंड रंगाचे दिसायला हवे. आपल्या छायाचित्रात घाटाच्या पायरीला लागलेले पाणीही सूर्याजवळच्या ढगाइतकेच केशरी आहे, म्हणजे रंगाची गडदता वाढवण्याची कळ सरसकट ओढली गेली आहे. याच रंकाळ्याचा आणि कोटितीर्थाचा परिसर आबालाल रहिमान यांनी रंगवला. त्यांची निसर्गचित्रे एकदा केवळ पाण्याचा रंग शोधण्यासाठी पाहावीत, असा माझा आग्रह आहे.

आणि त्या ‘छान’विषयी. पुढच्या बैठकीत चित्र दाखवणाऱ्याने आधी गप्प बसावे, आणि इतरांनी आपली नजर प्रथम कोठे गेली व कोठे अडखळली एवढेच सांगावे. कॅमेरा कोणता, हा प्रश्न शेवटी. आमच्या गावात तो पहिला येतो.

प्रश्न : पावसाळ्यात कळंबा तलावावर मोबाइलने काढलेल्या प्रत्येक छायाचित्रात आभाळ पांढरेफटक येते. प्रत्यक्षात ढग काळेभोर होते. — एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : काठावरची गर्द हिरवाई नीट दिसावी म्हणून मोबाइल उजेड वाढवतो आणि त्यात ढग जळून जातात. पडद्यावर ढगाच्या सर्वांत उजळ भागाला बोट लावा आणि उजेडाची खूण खाली ओढा. काठ काळवंडला तरी चालेल, कारण अंधारात दडलेला तपशील नंतर बराचसा वर काढता येतो, पण पांढऱ्याफटक पडलेल्या भागात काढण्यासारखे काही नसतेच. ही अडचण जुनी आहे. १८५०च्या दशकात फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे यांनी समुद्राची एक काचेवरची निगेटिव्ह आणि आभाळाची दुसरी निगेटिव्ह घेऊन, दोन्हींवरून एकच छायाचित्र छापले होते. आजचे अनेक मोबाइल कमी-जास्त उजेडाच्या अनेक प्रतींची अशीच सांगड आपल्या नकळत घालतात. हलणारी नाव किंवा लाट त्यात कधीकधी फरफटलेली दिसते, तेवढे तपासून घ्यावे.

प्रश्न : तलावाचा पलीकडचा काठ तिरका दिसतो म्हणून मी छायाचित्र फिरवून सरळ केले, तर मंदिर कलले. असे का? — एक वाचक, कागल

उत्तर : पलीकडचा काठ म्हणजे क्षितिज नव्हे. तो आपल्यापासून दूर दूर जात असेल तर चित्रात तिरकाच दिसणार. मंदिराचा कळस आणि पाण्यातले त्याचे प्रतिबिंब यांना जोडणारी रेघ उभी सरळ येईल, इतकेच चित्र फिरवावे.

प्रश्न : पंचगंगेच्या पुरात बुडालेल्या घाटाचे, दीपमाळेचा केवळ शेंडा वर राहिलेला असताना काढलेले छायाचित्र मी मित्रांना दाखवले, तर ‘लोकांची घरे पाण्यात आणि तुला सौंदर्य सुचते’ असे ऐकावे लागले. मी चुकलो का? — एक वाचक, शुक्रवार पेठ

उत्तर : छायाचित्र काढण्यात आपण चुकलात, असे मला वाटत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मधील महापुरांची छायाचित्रे आज या शहराची स्मृती आहेत. मात्र आपल्या मित्रांचा राग मला समजतो, आणि तो आपण रंगांत केलेल्या एका बदलामुळे आला असावा. पुराचे पाणी गाळाने तांबूस-तपकिरी असते. आपण चित्राचा एकूण रंग थंड करून ते निळे केले आहे, त्यामुळे सहलीला गेलेल्या माणसाने काढलेल्या तळ्यासारखे ते दिसते. मूळ प्रत काढून ते पाणी पुन्हा गढूळ करा. ढगांचे नाट्य कमी झाले तर होऊ द्या. चित्राखाली तारीख, वेळ आणि त्या दिवशीची राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी लिहा. ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे कोल्हापुरात शाळकरी मुलालाही माहीत असते, त्यामुळे एका आकड्यात पाहणाऱ्याला पुराची कल्पना येईल. मग येत्या वैशाखात, पाणी पार तळाला गेलेले असताना, त्याच जागी उभे राहून त्याच दीपमाळेचे दुसरे छायाचित्र काढा आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून मित्रांना दाखवा. उघड्या पडलेल्या पायऱ्या ते स्वतःच मोजतील.