ट्रॅकचं पान उघडतं पण लॉगिन होत नाही, अपाचेमध्ये काय बघायचं?

तुम्ही लिहिलंय की उबुंटू सर्व्हरवर अपाचे (वेब सर्व्हर) आणि मॉड-डब्ल्यूएसजीआय (अपाचेतून पायथनचे प्रोग्रॅम चालवणारा भाग) घालून ट्रॅक, म्हणजे प्रोजेक्टची विकी आणि कामांची तिकिटं सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवलं, विकी आणि तिकिटांची पानं व्यवस्थित दिसतात, एचटीपासवर्डने (पासवर्ड फाइल बनवणारी अपाचेची कमांड) यूजरही बनवला, पण लॉगिनवर क्लिक केलं की पासवर्डची खिडकीच येत नाही, थेट "ऑथेंटिकेशन इन्फर्मेशन नॉट अव्हेलेबल" असा एरर येतो, आणि दोनदा नव्याने इन्स्टॉल करूनही तेच. आता तिसऱ्यांदा इन्स्टॉल करू नका. पानं दिसतायत म्हणजे पायथन, डब्ल्यूएसजीआय, डेटाबेस सगळं जागेवर आहे. ट्रॅक बरोबर बसलंय, घोळ अपाचेच्या कॉन्फिगमध्ये आहे आणि बहुतेक वेळा तो एकाच ओळीत असतो. आमच्या ऑफिसातलं ट्रॅक बरीच वर्षं मीच बघतोय म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मुळात ट्रॅक स्वतः पासवर्ड तपासतच नाही, आणि हेच लोकांना कुणी सांगत नाही. ते काम वेब सर्व्हरचं. अपाचेने पासवर्ड बघितला, पटला, की तो रिमोट-यूजर नावाच्या व्हेरिएबलमध्ये नाव भरून रिक्वेस्ट पुढे ट्रॅककडे देतो, सोसायटीचा वॉचमन रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतो आणि मगच वर सोडतो तसं. ट्रॅक ते नाव वाचतं, ब्राउझरला ट्रॅक-ऑथ नावाची कुकी देतं आणि पुढची सगळी पानं त्या कुकीवर चालतात. म्हणून कुलूप फक्त लॉगिनच्या पत्त्यावर लावलं तरी पुरतं. तुमच्याकडे ते कुलूप चुकीच्या पत्त्यावर लागलंय किंवा लागलेलंच नाहीये, त्यामुळे रिमोट-यूजर रिकामं जातंय आणि ट्रॅक म्हणतंय की मला कुणी नावच सांगितलं नाही.

खात्री करायची असेल तर टर्मिनलवर कर्ल कमांडने लॉगिनच्या पत्त्याचे फक्त हेडर मागवा. ४०१ (म्हणजे "आधी पासवर्ड द्या") आला तर अपाचे दारात उभा आहे. ४०१ च्या जागी ट्रॅकचाच एरर आला तर रिक्वेस्ट त्याला वळसा घालून थेट ट्रॅकपर्यंत पोचतेय (३०१ किंवा ३०२ आला तर तुम्हाला नुसतं दुसऱ्या पत्त्याकडे वळवलंय, तो पत्ता देऊन परत बघा). ब्राउझरमध्ये हे तपासू नका, तो जुना पासवर्ड लक्षात ठेवतो आणि तुम्हाला उगाच फिरवतो.

आता पत्ता का चुकतो ते बघा. गाइडमधून कॉपी केलेल्या लोकेशन ब्लॉकमध्ये, म्हणजे अपाचेच्या कॉन्फिगमधल्या त्या कुलपाच्या ओळींमध्ये, पत्ता "/ट्रॅक/लॉगिन" असं असतं, ते एकच प्रोजेक्ट असेल तर बरोबर आहे. पण तुम्ही एका फोल्डरखाली बरेच प्रोजेक्ट ठेवले असतील, म्हणजे एन्व्हायर्नमेंटचा पेरेंट डिरेक्टरीवाला सेटअप, तर खरा पत्ता "/ट्रॅक/प्रोजेक्टचं नाव/लॉगिन" असा होतो आणि तो साधा ब्लॉक त्याला कधीच लागू पडत नाही, तिथे लोकेशन-मॅच वापरून मधल्या नावाच्या जागी रेग्युलर एक्स्प्रेशन (कुठल्याही नावाला जुळणारा नमुना) द्यावं लागतं. कॅपिटल-स्मॉल अक्षरांचाही फरक पडतो.

दुसरी जागा, आणि तुम्ही लेट्स एन्क्रिप्टचं (एचटीटीपीएससाठीचं) सर्टिफिकेट घातलंय म्हणालात म्हणून माझा जास्त संशय इथेच आहे. ते सर्टिफिकेट बसवणारा सर्टबॉट तुमची साइटची कॉन्फिग फाइल कॉपी करून ४४३ पोर्टसाठी (एचटीटीपीएस) वेगळी फाइल बनवतो, जिच्या नावात शेवटी एलई-एसएसएल असतं. त्यानंतर तुम्ही लोकेशन ब्लॉक जुन्या ८० पोर्टच्या (साध्या एचटीटीपीच्या) फाइलमध्ये टाकला तर एचटीटीपीएसवाल्या साइटला त्याचा पत्ताच नसतो, तुम्ही बदल करत राहता, अपाचे रिस्टार्ट करत राहता आणि काहीच हलत नाही. अपाचे-सीटीएलला कॅपिटल एसचा पर्याय देऊन चालवा, कुठलं व्हर्च्युअल होस्ट (म्हणजे अपाचेवरची एकेक साइट) कुठल्या फाइलमधून येतंय ते सगळं छापून येतं. मग ब्लॉक योग्य फाइलमध्ये टाका, त्यात ऑथ-टाइप बेसिक, ऑथ-नेम, ऑथ-यूजर-फाइलचा पूर्ण पाथ आणि शेवटी रिक्वायर व्हॅलिड-यूजर, बस एवढंच. कॉन्फिग-टेस्ट चालवून मगच रीलोड करा.

हे झालं की खिडकी येईल. पण खिडकी येऊन पासवर्ड घेतच नाही असंही होतं, तेव्हा अंदाज लावत बसू नका, अपाचेचा एरर लॉग उघडा, तो अगदी स्पष्ट बोलतो. एएच०१६१८ दिसला तर त्या नावाचा यूजर फाइलमध्ये नाही, एएच०१६१७ असेल तर यूजर आहे पण पासवर्ड जुळत नाही, आणि एएच०१६२० असेल तर अपाचेला पासवर्ड फाइल उघडताच आली नाही, म्हणजे पाथ चुकला किंवा अपाचे ज्या नावाने चालतो त्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या यूजरला वाचायची परवानगी नाही (वरच्या एखाद्या फोल्डरची परवानगी अडत असली तरी हेच होतं, नुसती फाइल बघून सोडू नका). एचटीपासवर्डला स्मॉल व्हीचा पर्याय आहे, तो पासवर्ड विचारतो आणि बरोबर की चूक ते तिथल्या तिथे सांगतो, अपाचेला हात न लावता.

यूजर फाइलमध्ये नाही असा लॉग आला आणि तुम्हाला खात्री आहे की टाकला होता, तर कमांडमध्ये स्मॉल सी होता का ते आठवा. सी म्हणजे नवीन फाइल बनव. असलेल्या फाइलवर तो पर्याय दिला की आधीचे सगळे यूजर जातात आणि फक्त शेवटचा उरतो, विचारत पण नाही. पहिल्या यूजरनंतर सी कधीच द्यायचा नाही.

ट्रॅक आणि अपाचे यातलं नक्की कोण चुकतंय हे वेगळं काढायचं असेल तर ट्रॅकसोबत येणारा ट्रॅक-डी हा छोटा सर्व्हर चालवा, ८००० पोर्टवर, बेसिक-ऑथच्या पर्यायाला तीच पासवर्ड फाइल देऊन. तिथे लॉगिन झालं तर ट्रॅक आणि फाइल दोन्ही ठीक, फक्त अपाचे उरला. तपासून झाल्यावर बंद करा, उघड्या इंटरनेटवर तसाच ठेवू नका.

अजून एक प्रकार, पासवर्ड दिला, एरर नाही, पण वर पुन्हा लॉगिनच दिसतंय. ट्रॅकच्या आयएनआय फाइलमध्ये सिक्युअर-कुकीज चालू असेल आणि तुम्ही साध्या एचटीटीपीने उघडत असाल तर ब्राउझर ती कुकी परत पाठवतच नाही. उपाय म्हणून ते सेटिंग बंद करू नका, एचटीटीपीएसवरूनच वापरा. बेसिक ऑथमध्ये पासवर्ड नुसता बेस-६४ करून जातो, त्याला एन्क्रिप्शन म्हणत नाहीत, साध्या एचटीटीपीवर मधला कुणीही वाचेल. टीममधले लोक तोच पासवर्ड दहा ठिकाणी वापरतात, त्यामुळे याबाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही.

लॉगिन झाल्यावर अ‍ॅडमिनचा टॅब दिसणार नाही, घाबरू नका, ट्रॅकच्या लेखी तुम्ही अजून साधेच यूजर आहात. सर्व्हरवर ट्रॅक-अ‍ॅडमिन ही कमांड चालवून परमिशन अ‍ॅड, तुमचं नाव आणि ट्रॅक-अ‍ॅडमिन हा हक्क द्या, तो कॅपिटलमध्ये आणि मध्ये अंडरस्कोअर घालून. त्याच वेळी अनॉनिमसला (लॉगिन न केलेल्या कुणालाही) काय काय हक्क आहेत तेही बघून घ्या, तिकिटं बनवायचा हक्क त्याला दिला असेल तर स्पॅमचा पाऊस पडतो.

लॉगआउट केल्यावर परत लॉगिन दाबलं की न विचारता आत जातं, हा बिघाड नाही, बेसिक ऑथ असंच चालतं, ब्राउझर बंद होईपर्यंत पासवर्ड धरून ठेवतो. ते नको असेल तर अकाउंट-मॅनेजर प्लगइनने साधा फॉर्म मिळतो, फक्त तेव्हा ट्रॅकचं मूळ लॉगिन मॉड्यूल बंद करून प्लगइनचं चालू करायला लागतं आणि अपाचेतला लोकेशन ब्लॉक काढायला लागतो. पाच-सहा जणांच्या टीमला मी तरी बेसिकच ठेवायला सांगेन, कमी भाग, कमी डोकेदुखी.

आणि ज्या गाइडवरून करताय त्यात ऑर्डर अलाउ-डिनाय अशा ओळी असतील तर ते गाइड अपाचे २.२ च्या काळातलं आहे. २.४ आलं २०१२ मध्ये, त्यात त्या जागी रिक्वायर ऑल ग्रँटेड लिहितात. ट्रॅक १.४ पायथन २ वर चालायचं, पायथन ३ साठी १.६ लागतं, तेव्हा जुन्या गाइडमधलं मॉड-डब्ल्यूएसजीआयचं पॅकेजही बघूनच घ्या.

एवढं करून अडलं तर लोकेशन ब्लॉक आणि एरर लॉगच्या शेवटच्या ओळी खाली कमेंटमध्ये टाका, मी बघतो. पासवर्ड फाइलमधली ओळ मात्र टाकू नका, त्यात पासवर्डचा नुसता हॅश (गुंतवलेलं रूप) असला तरी.