मॅक्रो लेन्ससाठी एफडी मोडू का?

सावंतवाडीच्या एका शिक्षक वाचकाचे पत्र आले आहे. वय ३६, हातात पगार ५० हजार. पावसाळ्यात आंबोलीला जाऊन कीटकांचे फोटो काढायचा छंद आहे. ६० हजारांची १०० मिमी मॅक्रो लेन्स, म्हणजे बारीक वस्तू अगदी जवळून मोठी टिपणारी लेन्स, घ्यायची आहे. ९० हजारांची एफडी मोडू की १२ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ, असे ते विचारतात. फोटो विकून वर्षभरात पैसे सुटतील, असा त्यांचा हिशेब आहे.

दोन्ही नको. तुमच्याकडे ५५-२५० मिमीची झूम लेन्स आहेच. तिच्यापुढे रेनॉक्स डीसीआर-२५० सारखे ८ डायॉप्टरचे (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचे माप) क्लोज-अप जोड-भिंग लावा. २५० मिमीवर कॅमेऱ्याच्या सेन्सरवर किड्याच्या खऱ्या आकाराच्या साधारण दुप्पट प्रतिमा मिळते, आणि बहुतेक मॅक्रो लेन्स १:१ वरच, म्हणजे खऱ्या आकाराएवढ्या प्रतिमेवरच थांबतात. किड्यापासून बारा-एक सेंटिमीटरवर यावे लागते आणि फोकसमध्ये राहणारी जागा मिलिमीटरहून कमी असते. म्हणून पहाटे, किडे गारठून स्वस्थ असतात तेव्हा जा आणि फ्लॅशपुढे दुधी प्लास्टिकचा डिफ्यूझर बांधा. हे सगळे काही हजारांत होते. स्वस्तातले एकभिंगी फिल्टर मात्र घेऊ नका, कडांना रंग फुटतात. आणि कोकणातल्या दमट हवेत भिंगाला बुरशी धरते, तेव्हा हवाबंद डबा आणि सिलिका जेल हवेच.

फोटोविक्रीचे स्वप्न बाजूला ठेवा. स्टॉक साइटवर एका डाउनलोडमागे अनेकदा २५ रुपयेही हाती पडत नाहीत. ६० हजारांसाठी २,४०० डाउनलोड लागतील. छंद म्हणून खर्च करा, त्यात काहीच गैर नाही. पण त्याला गुंतवणूक म्हणू नका.

मला खरी काळजी वाटली ती पत्राच्या शेवटच्या ओळीची: 'बाकी पॉलिसी आहे, वर्षाला ६० हजार, २० वर्षांनी जवळजवळ दुप्पट, २२ लाख.' बँकेत एफडी करायला गेलात आणि तीन वर्षांपूर्वी ही पॉलिसी तुमच्या गळ्यात मारली गेली. १२ लाख भरून २२ लाख म्हणजे वर्षाला जेमतेम साडेपाच टक्के. तेच पैसे पीपीएफमध्ये, मुदत वाढवून २० वर्षे ठेवले तर आजच्या ७.१ टक्के दराने साडेसव्वीस लाखांच्या घरात जातात. विकणाऱ्याने 'दुप्पट' एवढेच सांगितले. किती वर्षांत आणि किती टक्क्यांनी, हे सांगितले नाही. याची मला चीड येते.

त्याहून वाईट म्हणजे विमा-संरक्षण फक्त १२ लाखांचे आहे. गृहकर्ज १८ लाख बाकी, पत्नी घर सांभाळते, मुलगी चौथीत. उद्या तुमचे काही बरेवाईट झाले, तर सगळी रक्कम कर्जात जाऊनही सहा लाख देणे उरेल आणि घरखर्चाला एक रुपयाही राहणार नाही. तुमच्या वयाच्या निर्व्यसनी माणसाला साठीपर्यंतचा एक कोटीचा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा, वर्षाला साधारण १२ ते १५ हजारांत मिळतो. आधी तो घ्या. प्रस्ताव अर्जात तब्येतीची एकही गोष्ट लपवू नका.

टर्म पॉलिसी हातात आल्यावरच जुन्या पॉलिसीचे सरेंडर मूल्य (आज बंद केली तर मिळणारे पैसे) आणि पेड-अप रक्कम (पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर उरणारी रक्कम) लेखी मागवा. पेड-अप केली तर विमा रक्कम ३/२० म्हणजे १ लाख ८० हजारांवर येईल. जमा बोनस धरून ती रक्कम मुदतीअखेर मिळेल. सरेंडर केली तर आज नुकसान दिसेल. पण उरलेले १७ हप्ते त्याच पॉलिसीत घालण्यापेक्षा मला ते पटते.

घरखर्च आणि कर्जाचा हप्ता मिळून महिना ४० हजार, म्हणजे ती ९० हजारांची एफडी दोन महिनेच पुरेल. तिला हात लावू नका. जुन्या पॉलिसीचा हप्ता थांबला की टर्मचा खर्च जाऊन वर्षाला ४५ हजार सुटतात, शिवाय सध्याची ५ हजारांची मासिक शिल्लक आहे. एफडी धरून दीड वर्षात सहा महिन्यांचा खर्च गाठीला लागेल. त्यानंतर मॅक्रो लेन्स रोख घ्या.

जुन्या पॉलिसीचा पुढचा हप्ता कधी आहे, ते पत्रात नाही. ती तारीख आजच पाहून ठेवा.