पांढऱ्या दगडाचा पाईप पहिल्यांदा पेटवताना

प्रश्न : सर, जावईबापूंनी तुर्कस्तानातून पांढराशुभ्र, नक्षीदार मीरशॉम पाईप आणला आहे. मी गेली बरीच वर्षं अधूनमधून लाकडी पाईप ओढतो. एक स्नेही म्हणतात, आधी आतून मध लावा, काही दिवस अर्धाच भरून ओढा, काजळीचा थर धरू द्या. दुसरे म्हणतात, हातमोज्याशिवाय त्याला शिवायचंही नाही. खरं काय? आणि हा अस्सल आहे हे कसं ओळखू? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. मी जन्मभर कॉलेजात दगड शिकवले. जळगावच्या काळ्या पाषाणात सापडणारं अपोफिलाइट हे स्फटिकरूप खनिज पाहायला जगभरचे संग्राहक येतात, हे विद्यार्थ्यांना अभिमानानं सांगितलं. पण माझ्या कपाटात सगळ्यात लाडका दगड कोणता विचाराल, तर तुमच्या हातात आहे तोच.

मीरशॉम म्हणजे हाच पांढरा दगड, त्याचं शास्त्रीय नाव सेपिओलाइट. मॅग्नेशियमचं सिलिकेट, अंगात पाणी धरून असलेलं. पाईपसाठी नावाजलेला माल तुर्कस्तानातल्या एस्कीशेहिर भागातून येतो. तिथे जमिनीत खोल खड्डे घेऊन त्याचे गड्डे काढतात. ओला असताना तो इतका मऊ असतो की कारागीर साध्या सुरीनं कोरतो. मग वाळवायचा, घासायचा आणि मधमाशीच्या मेणात बुडवायचा. वाळलेला दगड पाण्यावर तरंगतो, एवढी सूक्ष्म छिद्रं त्यात असतात. सगळी जादू त्या छिद्रांची आहे. धुरातली ओल आणि डांबर ती शोषून घेतात, म्हणून धूर कोरडा आणि थंड लागतो.

आता मधाचं. लाकडी पाईप बहुधा ब्रायर नावाच्या झुडपाच्या मुळाशी येणाऱ्या गाठीचा असतो. लाकूड जळतं, म्हणून त्याला आतून काजळीचं अस्तर लागतं. दगड जळत नाही. तेव्हा मध नको, अर्धं भरणं नको; पहिल्याच दिवशी पूर्ण भरा. उलट इथे काजळी साचू द्यायचीच नाही. जाड थर तापून फुगला तर बाऊल, म्हणजे तंबाखू भरायची वाटी, तडकू शकतो. प्रत्येक वेळी ओढून झालं, पाईप गार झाला की कागदी रुमाल आत फिरवून पुसून घ्या. चाकूनं खरवडू नका.

तंबाखू पाईपचीच घ्या. विडीची किंवा पानातली नको. तळाशी सैल, वर थोडी दाबून भरा. काडीपेटीच वापरा. ज्योत तंबाखूवर गोल फिरवा, कडेला लागू देऊ नका. पांढऱ्या कडेवर पडलेला जळका डाग जात नाही. पहिल्यांदा तंबाखू फुलून वर येईल, ती हलकेच दाबा आणि पुन्हा पेटवा. मग सावकाश. विझला तर विझू द्या, परत पेटवता येतो. चिलमीसारखा दम मारायचा नाही, धूर छातीत घ्यायचा नाही. पंख्याखाली किंवा कूलरसमोर बसू नका. वाऱ्यानं निखारा भडकतो, बाऊल तापतो आणि जीभ पोळते. आपल्याकडे उन्हाळ्यात हे कठीण, म्हणून मी दिवस मावळल्यावर मागच्या ओसरीत बसतो. शेवटी राख झाडताना आपटू मात्र नका, दांडी तुटेल.

हातमोज्यांची गरज नाही. गरम असताना मेण मऊ झालेलं असतं, तेव्हा बाऊलला बोटं लावली तर मळ आणि ठसे धरतात. तेवढ्या वेळापुरता पाईप तोंडाच्या नळीनं धरा. गार झाल्यावर स्वच्छ हातांनी खुशाल हाताळा. नळीही गार झाल्यावरच काढा. एक खान्देशी सूचना : मेण 62 ते 64 अंशांना वितळतं. मे महिन्यात भुसावळचा पारा 45 च्या वर जातो, त्या उन्हात बंद गाडीत पाईप विसरू नका.

अस्सल ओळखायचं तर आधी वजन बघा. अखंड दगडाचा पाईप हातात आश्चर्य वाटावं इतका हलका लागतो. कोरताना पडलेला चुरा दाबून केलेला पाईप जड असतो आणि त्यावर रंगही नीट चढत नाही. अस्सल पाईप आधी दांडीकडून पिवळसर होतो, मग हळूहळू मधाळ तपकिरी. त्याला वर्षं लागतात. घाई करून लागोपाठ ओढू नका.

आणि हे मनापासून सांगतो. धूर थंड लागला म्हणजे निरुपद्रवी झाला असं नाही. पाईपनंही तोंडाचा, घशाचा कर्करोग होतो. तुम्ही अधूनमधून ओढता, ते वाढवू नका. घरात जो ओढत नाही, त्याच्या हाती हा पाईप केवळ कौतुकासाठी द्या. नुसता काचेच्या कपाटात ठेवलात तरी त्या कारागिराचा मान राहतो.

प्रश्न : आजोबांचा जुना मीरशॉम पाईप पिवळा-तपकिरी पडला आहे. साबणाच्या पाण्यानं धुऊन पांढरा करू का? – एक वाचक, शहादा

उत्तर : कृपा करून धुवू नका. तो मळ नाही. मेण आणि धूर मिळून वर्षानुवर्षं चढलेला तो रंग आहे, जाणकार त्यासाठीच असा पाईप जपतात. शिवाय हा दगड पाण्यात भिजला की मऊ पडतो. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, दांडीत पाईप-क्लीनर फिरवा, बस. नळी काढताना जोर लावू नका. ती अंबरची, म्हणजे दगडासारख्या झालेल्या प्राचीन राळेची असेल तर काचेसारखी तडकते. हलत नसेल तर आहे तशीच राहू द्या.