‘गल्लाभरू लिहिणार नाही’ म्हणणारा मुलगा

नमस्कार ताई,

बार्शीहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगा टी.वाय.बी.कॉम.ला आहे, पटकथालेखक व्हायचं म्हणतो, पण ‘गल्लाभरू सिनेमे लिहिणार नाही, फक्त चांगली गोष्ट सांगणार’ ही त्याची अट. ‘मग खाणार काय?’ हा त्याच्या वडिलांचा सवाल. आणि एका खासगी संस्थेच्या वर्षभराच्या कोर्ससाठी एफडी मोडावी का, हा तुमचा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. इतक्यात मोडू नका.

बापलेक भांडत असले तरी चालणारा सिनेमा वेगळा आणि चांगली गोष्ट वेगळी, यावर दोघांचंही एकमत दिसतं. मला ते पटत नाही. मुलाला म्हणावं, ‘सैराट’ (2016) पुन्हा बघ, या वेळी वही-पेन घेऊन. क्रिकेट, विहीर, चोरून भेटी, अजय-अतुलची गाणी. पूर्वार्धात धंद्याला लागतं ते सगळं आहे. मग हैदराबादची झोपडपट्टी, संसारातल्या कुरबुरी, आणि शेवटी तर आवाजच काढून घेतलेला. जातीपायी झालेला खून बघायला ज्यांनी एरवी तिकीट काढलं नसतं, ते ‘झिंगाट’साठी आले आणि सुन्न होऊन बाहेर पडले. पूर्वार्धातली मजा कापली असती तर शेवट इतका लागलाच नसता. म्हणजे ती गाणी तडजोड नव्हती, पटकथेचाच भाग होती. (मला स्वतःला नागराज मंजुळेंचा आधीचा ‘फँड्री’ जास्त आवडतो, पण तो बघणारे कितीतरी कमी होते.)

वडिलांना सांगा, सलीम-जावेद यांच्या ‘दीवार’ आणि ‘शोले’ने 1975 मध्ये गल्लाच भरला, आणि पटकथा शिकणारी मुलं आजही तेच उघडून बसतात. स्टार आणि पोस्टर शुक्रवार ते रविवार ओढून नेतात. सोमवारपासून गोष्टच लागते.

एक मात्र मुलाला आत्ताच कळू दे. सिनेमात लेखकाचा शब्द शेवटचा नसतो. ऐनवेळी गाणं घुसतं, एखाद्याची भूमिका वाढते. हे अजिबात सोसणार नसेल तर त्याने कथा, नाटक लिहावं. त्यात कमीपणा नाही. आणि मालिकेचे संवाद लिहून घरभाडं भरण्यातही नाही.

पदवी पूर्ण करू द्या. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेला किंवा कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेला प्रवेश परीक्षा द्यायची तर कुठल्याही शाखेची पदवी लागतेच. मंजुळे करमाळा तालुक्यातले, म्हणजे तुमच्या शेजारचेच. मराठीत एम.ए. केलं, नगरला मास कम्युनिकेशन शिकले, आणि मोठ्या सिनेमाआधी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला.

तोवर कॉलेजच्या एकांकिकेत शिरावं, मोबाइलवर लघुपट करावा. कुणाला पटकथा दाखवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन ती नोंदवावी. कायदा लिहिलेल्या पानांना संरक्षण देतो, नुसत्या कल्पनेला नाही; तेव्हा चहाच्या टपरीवर कुणी ‘वनलाइन (एका-दोन ओळींत गोष्ट) ऐकव’ म्हटलं की लगेच ऐकवत सुटू नये.

दिवाळीपर्यंत त्याला दहा मिनिटांच्या लघुपटाची पूर्ण पटकथा लिहायला सांगा. पहिल्यांदा वडिलांना वाचायला द्या. ते मध्येच उठले, तर कुठल्या पानावर उठले ते त्याने टिपून ठेवावं, आणि ते पान पुन्हा लिहावं.