देखरेख, पाळत की साक्ष?

प्रश्न नागपूरच्याच एका विद्यार्थिनीचा आहे. राज्यशास्त्राच्या अभ्यासासाठी त्या रशियातल्या निवडणुकांवर मराठीत टिपण लिहीत आहेत. त्यांचं पहिलं वाक्य असं: 'हुकूमशाही राजवटीत निवडणुकीवर देखरेख ठेवणारं तंत्रज्ञान जनतेचा विश्वास वाढवतं का?' मार्गदर्शकांनी 'देखरेख' खोडून 'निरीक्षण' लिहिलं. मैत्रीण म्हणाली, कॅमेरे आहेत ना, मग 'पाळत' म्हण. यातला कोणता शब्द घ्यावा आणि निवडणुकांवर लक्ष ठेवणाऱ्या 'गोलोस' या रशियन संस्थेच्या नावाचं मराठी काय करावं, असं त्या विचारतात.

शब्द तिन्ही चांगले आहेत, पण प्रत्येकात पाहणारा माणूस निराळा आहे. देखरेख ज्याच्यावर जबाबदारी असते त्याची. बांधकामावर मुकादमाची, परीक्षेच्या वर्गावर पर्यवेक्षकाची. चुकतंय असं दिसलं तर तो काम थांबवू शकतो. निरीक्षक पाहतो, टिपतो, अहवाल देतो. बाहेरच्या देशांतून निवडणूक पाहायला येणारी पथकं याच अर्थाने निरीक्षक असतात. (आपल्याकडच्या निवडणूक निरीक्षकाला याहून थोडं जास्त बळ आहे. मोठ्या प्रमाणावर बूथ बळकावले गेले असं त्याचं मत झालं, तर १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार तो मतमोजणी थांबवायला सांगू शकतो.) रशियातल्या नागरिकांच्या गटांना असं काही थांबवण्याचा अधिकार नव्हता, म्हणून त्यांच्या कामाला 'देखरेख' म्हणणं मला पटत नाही.

'पाळत' मात्र जरा थांबून पाहण्यासारखा शब्द आहे. मूळ पाळणे, म्हणजे सांभाळणे. गाय पाळतात, शब्द पाळतात, पथ्य पाळतात. त्याच सांभाळण्यातून डोळ्यात तेल घालून बसणं आलं, आणि मग लपून दुसऱ्याच्या हालचाली टिपणं. रशियनमध्ये हुबेहूब हेच घडलंय. 'नाब्ल्युदेनिये' या शब्दाच्या मुळाशी राखणे, जपणे या अर्थाचं क्रियापद आहे. निवडणुकीच्या निरीक्षकाला त्या भाषेत 'नाब्ल्युदातेल' म्हणतात, आणि भिंतीवरच्या कॅमेऱ्याने ठेवलेल्या पाळतीलाही 'नाब्ल्युदेनिये'च. आपण जिथे दोन शब्द वापरतो तिथे रशियन माणूस एकावर भागवतो. तुमच्या तिघींचा घोळ बहुधा इथूनच सुरू झाला.

आता ते कॅमेरे. ४ डिसेंबर २०११ला रशियाच्या संसदेची निवडणूक झाली. पेटीत मतपत्रिकांचे गठ्ठे कोंबतानाचे मोबाइलवरचे व्हिडिओ लोकांनी पसरवले आणि मॉस्कोच्या बोलोत्नाया चौकात हजारो लोक जमले. १५ डिसेंबरला दूरचित्रवाणीवर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देताना पुतिन यांनी सुचवलं की सगळ्या मतदान केंद्रांवर वेब कॅमेरे लावावेत. मार्च २०१२च्या अध्यक्षीय निवडणुकीत ९०,०००हून अधिक केंद्रांवर प्रत्येकी दोन कॅमेरे बसले, आणि नाव नोंदवून कुणालाही घरबसल्या केंद्र पाहता येऊ लागलं. पुढे २०२१च्या संसदीय निवडणुकीत हे सर्वांसाठीचं प्रक्षेपण बंद झालं. पाहण्याची मुभा उरली ती पक्ष, उमेदवार आणि अधिकृत निरीक्षकांना.

याला काय म्हणाल? घरी संगणकासमोर बसलेल्या मतदारासाठी ते निरीक्षण होतं. पण रशियात मतदान केंद्रं बऱ्याचदा शाळांत असतात आणि केंद्रावर काम करणाऱ्यांत शिक्षक पुष्कळ असतात. पगार सरकारचा आणि डोक्यावर कॅमेराही सरकारचा, अशा बाईंच्या जागी बसून पाहिलं की तुमच्या मैत्रिणीचा 'पाळत' शब्द मुळीच चुकीचा वाटत नाही. म्हणून यंत्राविषयी लिहिताना 'कॅमेऱ्यांची नजर' एवढंच म्हणावं. ती नजर कुणाची, हे पुढच्या वाक्यात सांगावं.

आणखी एक शब्द तुमच्या यादीत नाही, पण मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: साक्ष. ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तो साक्षी. आपण ज्याला पोलिंग एजंट, म्हणजे केंद्रावर बसणारा उमेदवाराचा माणूस, म्हणतो त्याला व्हेनेझुएलात स्पॅनिशमध्ये 'तेस्तिगो' म्हणतात, म्हणजे साक्षीदारच. केनियात २००७च्या निवडणुकीनंतर हिंसाचार उसळला तेव्हा लोकांनी पाठवलेली माहिती नकाशावर मांडणारी एक यंत्रणा उभी राहिली. तिचं नाव 'उशाहिदी', स्वाहिलीत साक्ष. आपल्या 'शहीद' शब्दाचं आणि त्याचं अरबी मूळ एकच आहे.

मराठीत साक्षीला आणखी एक शब्द होता, 'ग्वाही'. फारसीतून आला, अर्थ साक्षच. पण आज वर्तमानपत्र उघडा: मंत्री ग्वाही देतात, आयुक्त ग्वाही देतात. पाहिलेलं सांगणाऱ्याचा शब्द आश्वासन देणाऱ्याच्या तोंडी गेला. तुमच्या वाक्यातल्या 'विश्वास'पाशी मला हाच शब्द आठवला, कारण विश्वास दोन वाटांनी येतो. एक वाट ग्वाहीची, दुसरी खातरजमेची. 'खातर' म्हणजे मन, 'जमा' म्हणजे एका ठिकाणी आलेलं. ग्वाही दुसरा देतो. खातरजमा आपण करून घेतो. क्रियापदंच बघा ना!

काटोल तालुक्यातल्या एका शाळेत मी केंद्राध्यक्ष होतो तेव्हाची गोष्ट. सकाळी खऱ्या मतदानाआधी अभिरूप मतदान घ्यावं लागतं, किमान ५० मतांचं, एजंटांच्या समोर. एक म्हातारे संत्रा बागायतदार एजंट म्हणून आले होते. प्रत्येक मताला ते कागदावर एक रेघ मारत होते. मी म्हटलं, "काका, मशीन मोजून राहिली ना." ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्यावर भरोसा हाये, पन मी मोजून घेतो." मला त्यात अपमान वाटला नाही. भरोसा आणि मोजणं दोन्ही एका वाक्यात सुखाने नांदत होतं.

हुकूमशहाचं तंत्रज्ञान ग्वाही द्यायला तयार असतं, अडतं ते खातरजमेपाशी. अझरबैजानमध्ये कॅमेऱ्यांच्या परिणामाचा अभ्यास झाला आहे. त्यात दिसलं की कॅमेऱ्यासमोर होऊ शकणारी लबाडी घटली आणि कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या, मतमोजणीच्या कागदांकडे सरकली. त्याच देशात २०१३ साली मतदानाच्या आदल्या दिवशीच निवडणूक आयोगाच्या मोबाइल ॲपवर निकाल झळकले होते. उलट व्हेनेझुएलात २८ जुलै २०२४ला मतदान संपल्यावर प्रत्येक यंत्राने निकालाची चिठ्ठी छापली, 'आक्ता'. आयोगाने तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मादुरो जिंकल्याचं जाहीर केलं, केंद्रनिहाय आकडे मात्र दिले नाहीत. विरोधकांच्या तेस्तिगोंनी हाती आलेल्या आक्ता जमवल्या, त्यांतल्या ८० टक्क्यांहून जास्त इंटरनेटवर ठेवल्या, आणि त्यांत विरोधकांचे उमेदवार एदमुंदो गोन्सालेस मोठ्या फरकाने पुढे दिसत होते. सत्ता त्यामुळे हलली नाही. पण काय झालं होतं, याची खातरजमा ज्याला हवी त्याला करता आली.

नागरिकांच्या या कामासाठी 'निरीक्षण' मला कोरडा वाटतो. आपल्या विदर्भात रानडुकरांपासून पीक वाचवायला रात्री शेतात जातात, त्याला 'जागल' म्हणतात. पीक आपलं, रात्र आपली, म्हणून जागायचं. मुंबई-पुण्याचा वाचक अडखळेल याची चिंता करू नका. 'मतदानाची जागल' लिहा, संदर्भाने कळेल. तुमचं वाक्य मी असं करीन: 'हुकूमशाही राजवटीत मतदानाची जागल करणाऱ्यांच्या हाती तंत्रज्ञान आलं, तर लोकांना निकालाची खातरजमा करून घेता येते का?' सरकारने लावलेल्या यंत्रणेविषयीचा प्रश्न त्याच्यापुढे वेगळा लिहा, त्यात 'नजर' आणि 'ग्वाही' हे शब्द ठेवा.

राहिलं 'गोलोस'. ही संस्था २००० साली सुरू झाली. २०११मध्ये तिने 'उल्लंघनांचा नकाशा' काढला, कुणीही गैरप्रकार कळवावा आणि तो नकाशावर दिसावा असा. पुढे तिच्यावर 'विदेशी एजंट'चा शिक्का बसला. तिचे सहअध्यक्ष ग्रिगोरी मेलकोन्यांत्स यांना ऑगस्ट २०२३मध्ये अटक झाली, मे २०२५मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली, आणि त्यानंतर दोनच महिन्यांत संस्थेने काम थांबवलं. रशियनमध्ये 'गोलोस' म्हणजे आवाज आणि 'गोलोस' म्हणजे मतही. आपल्या 'मत' शब्दात विचार आहे, आवाज नाही. दोन्ही एकत्र हवे असतील तर 'कौल' घ्या. अरबीत 'कौल' म्हणजे उच्चारलेला शब्द, बोल. मराठीत आपण त्याला जनतेचा कौल केलं. संस्थेचं नाव 'गोलोस' असंच राहू द्या, आणि पहिल्यांदा येईल तिथे शेजारी एकदा 'कौल' लिहा.