घडीच्या टेबलावर शिलाई मशीन

प्रश्न: खोली लहान, म्हणून घडीच्या टेबलावर मोटरचं शिलाई मशीन ठेवते. वेग वाढला की टेबल डगमगतं, टीप वाकडी जाते. काय करू? – एक वाचक, फोंडा

उत्तर: ताई, आधी मशीन उतरवा आणि समोरासमोरचे तिरके कोपरे आळीपाळीने दाबा. टकटक आवाज आला तर दोष लादीचा किंवा पायाच्या रबरी बुचाचा. अधांतरी पायाखाली जाड रबराचा तुकडा चिकटवा. कागदाची घडी नको, ती सरकते.

आवाज नाही, पण टेबल आडवं झुलतं? मग पायांचे सांधे सैल आहेत. आपल्या पावसाळ्यात लोखंड गंजतंच. नटबोल्ट असतील तर वायसर घालून आवळा. रिव्हेट (ठोकून कायमचे बसवलेले खिळे) झिजले असतील तर फॅब्रिकेशनवाल्याकडून काढून बोल्ट आणि लॉकनट (हादऱ्याने सैल न होणारा नट) बसवून घ्या. फार करकचून नको, नाहीतर घडीच होणार नाही.

मशीन मधोमध मुळीच ठेवू नका, तिथे फळी लवते. ते टेबलाच्या पायांच्या वर येईल असं ठेवा आणि टेबल भिंतीच्या कोपऱ्यात टेकवा. मशीनखाली पातळ रबरी चटई घाला. जाड फोम अनेकजण सुचवतात, मला पटत नाही. त्यावर मशीनच डोलतं. पडद्यासारखं जड कापड असेल तर त्याचा भार बाजूच्या खुर्चीवर घ्या.