सगळ्यांना एकच थंबची वेळ? विद्यापीठात हजेरीवर लक्ष कसं ठेवावं

तुम्ही विचारलंय की मुंबईतल्या एका विद्यापीठात आस्थापना विभागाचा (कर्मचाऱ्यांची हजेरी, रजा, पगार बघणाऱ्या विभागाचा) चार्ज नुकताच तुमच्याकडे आलाय, वरून सगळ्यांसाठी पावणेदहा ते सव्वासहा थंबची (मशीनवर अंगठा लावून हजेरीची) सक्ती हवीय आणि प्राध्यापक ऐकत नाहीत, काय करावं? मी अशाच एका विभागात बरीच वर्षं काढली, तेव्हा स्पष्टच सांगतो: भांडण मशीनचं नाही, एकाच वेळेचं आहे.

कार्यालयीन कर्मचाऱ्याचं काम टेबलाशी बांधलेलं असतं. त्याला पावणेदहा ठीक. प्राध्यापकांसाठी यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८चे विनियम वाचा. आठवड्याला ४० तासांचा कार्यभार, पण रोज संस्थेत किमान ५ तास हजर असणं अपेक्षित. प्रत्यक्ष अध्यापन सहायक प्राध्यापकाला १६ तास, त्यावरच्यांना १४. उरलेलं वाचन, तयारी, संशोधन. म्हणून त्यांच्यासाठी येण्या-जाण्याची नोंद घ्या, त्यातून ५ तास भरतात का ते पाहा, आणि ती वेळापत्रकाशी ताडून बघा. थंब आहे पण लेक्चर झालंच नाही, हे मशीन कधीच सांगणार नाही. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना तर मानधनच तासांवर मिळतं; तिथे विभागप्रमुखाच्या सहीची लेक्चर नोंदवही हाच खरा पुरावा.

आता तुमचं खरं काम. महिनाअखेरीस रिपोर्ट काढला की रिकाम्या चौकटी दिसतात. त्यातले बरेचसे लोक गैरहजर नसतातच. कोणी परीक्षेच्या कामाला कॅप सेंटरवर (उत्तरपत्रिका तपासतात त्या केंद्रावर), कोणी फोर्टच्या संकुलातून कलिनाच्या संकुलात मीटिंगला, कोणी कर्तव्य रजेवर (वर्षाला ३० दिवसांपर्यंत मिळते), फक्त अर्ज आलेला नसतो. पगारबिल जायच्या आदल्या दिवशी हे शोधत बसलात तर डोकं फिरेल. दर सोमवारी मागच्या आठवड्यातल्या रिकाम्या चौकटींची यादी विभागप्रमुखांना पाठवा, हालचाल नोंदवही (कामासाठी कोण कुठे बाहेर गेलं याची वही) विभागातच ठेवा, आणि किरकोळ रजेचा अर्ज यादीसोबतच परत मागवा. आमच्याकडे हे सुरू झाल्यावर अर्ध्याअधिक तक्रारी मिटल्या.

सफाई कामगार, बागकाम करणारे, ग्रंथालयात जुनी पुस्तकं हाताळणारे यांचे ठसे बऱ्याचदा उमटत नाहीत. मग बिचारे मशीनसमोर बोट पुसत उभे, मागे रांग, आणि नोंदीत लेट. त्यांना चेहऱ्याची नोंद किंवा कार्डाचा पर्याय पहिल्या दिवसापासून द्या. ठेकेदाराच्या माणसांची हजेरी मात्र ठेकेदाराच्या भरवशावर सोडू नका, बिल त्याच हजेरीवर निघतं.

राहिला लेट मार्क. तीन लेट मार्कला एक किरकोळ रजा कापायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, पण तुमच्याकडे तसं परिपत्रक आहे का ते आधी बघा. नुसत्या प्रथेवर रजा कापू नका. आणि जुलैत कधीतरी कुर्ल्याला रुळांवर पाणी येणारच. त्या दिवशीची सूट एकाच परिपत्रकाने सगळ्यांना द्या. ओळखीने एकेकाला दिलीत, की दुसऱ्या दिवशी युनियनचं पत्र टेबलावर आलंच म्हणून समजा.